निळ्या दोऱ्याचं बटण

कॉलर अण्णा माणसाच्या तोंडाकडे आधी कधीच बघायचे नाहीत. आधी कॉलर, मग खांदे, मग बाहीचं टोक आणि हे सगळं मनासारखं असलं तरच शेवटी चेहरा. नेवाशात एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचं इस्त्रीचं दुकान होतं. दुकान कसलं, एक लांबलचक टेबल, त्यावर चार पदरी घोंगडी, वर पांढरी चादर आणि मागे दोरीवर टांगलेले अर्ध्या गावाचे शर्ट. पण त्या टेबलासमोर उभं राहताना भल्याभल्यांचा हात आपसूक वरच्या बटणाकडे जायचा.

मी हायस्कूलवर नवीन लागलो तेव्हाची गोष्ट. कपड्यांची पिशवी टेबलावर ठेवली, तर अण्णांनी माझ्या गळ्याकडे रोखून बघत विचारलं, "सर, इंग्रजी शिकवता न्हवं?"

मी म्हटलं, "हो."

"मंग कॉलर का अशी अडानी?"

मला राग यायला हवा होता. आला नाही. मी शेतकऱ्याच्या घरातला, शर्ट गादीखाली दाबून कॉलेजला गेलेला. कपडे नीट घालणं हेही शिकायचं असतं, हे मला तोवर कोणी सांगितलंच नव्हतं. अण्णाही तसे शेतकरीच, आमच्यातलेच. वाट्याला आलेला तुकडा भावाला कसायला देऊन त्यांनी गावात इस्त्री मांडली होती. त्या दिवसापासून नऊ वर्षं मी त्यांचा विद्यार्थी होतो, आणि माझ्या वर्गातल्या बऱ्याच पोरांपेक्षा बरा विद्यार्थी होतो.

त्यांचे नियम पक्के होते. शर्ट धुवायच्या आधी सगळी बटणं काढायची, कॉलर उभी करायची, साबण बोटानं चोळायचा, ब्रश लावायचा नाही. पिळायचा तर मुळीच नाही. सावलीत, उलटा करून, खालच्या काठाला चिमटे लावून वाळवायचा. "कॉलरला चिमटा लावनारा मानूस आन् पोराचा कान धरून उचलनारा मानूस सारखाच," असं ते म्हणायचे. शर्ट थोडा ओलसर असतानाच इस्त्रीला घ्यायचा आणि झाल्यावर लगेच अंगात घालायचा नाही, दहा मिनिटं टांगून निववायचा. कॉलरची इस्त्री आधी मागच्या बाजूनं, दोन्ही टोकांकडून मधे. "सुरकुती टोकाला ढकलायची न्हाई सर. मधी आनायची आन् तिथंच जिरवायची." हे सांगताना ते माझा हात धरून इस्त्री फिरवून दाखवायचे. दुसऱ्या कुठल्या गिऱ्हाइकाचा हात त्यांनी धरलेला मी पाहिला नाही.

खांद्याच्या बाबतीत तर ते फारच हट्टी. दुकानासमोरून कोणी नवा शर्ट घालून गेला की मला कोपर मारायचे. "बगा, त्याची शिवन दंडावर आलीया. थोरल्या भावाचा हाय." अंदाज सहसा चुकत नसे. "शर्ट खिशात नसतो, बटनात नसतो, खांद्यात असतो. हाडावर बसला तर आपला, खाली उतरला तर दुसऱ्याचा." मी हे वाक्य शाळेत सगळ्यांना ऐकवायचो. शिपायापासून हेडमास्तरांपर्यंत सगळे माझ्या शर्टांना नावाजायचे आणि मी लगेच अण्णांचं नाव सांगायचो. मला त्यांचा अभिमान वाटायचा, वडील गेल्यावर तर जास्तच.

आणि बटणं. तुटलेलं बटण ते पदरचं लावून द्यायचे, पण शर्ट कुठल्याही रंगाचा असो, दोरा निळाच वापरायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "आपलं काम आपल्याला वळखता आलं पायजे." गावातल्या कितीतरी माणसांच्या छातीवर अण्णांचा तो निळा टाका होता.

माझा एक बदामी रंगाचा शर्ट होता, नगरला कापड घेऊन शिवलेला. त्याचं तिसरं बटण निळ्या दोऱ्याचं. खिशाच्या कोपऱ्यात तांबड्या शाईचा एक बारीक ठिपका, पेपर तपासताना पेन उघडं राहिलं त्याचा. अण्णांनी लिंबू, मीठ, दूध सगळं करून पाहिलं, ठिपका हलला नाही. शेवटी म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. हा डाग न्हाई, ही मास्तराची वळख हाय." मुली बघायला जाताना मी तोच शर्ट घालायचो. मी तोवर चौतिशीला आलो होतो. नोकरी पर्मनंट होती, पण प्रत्येकीला पुणंच हवं असायचं. नकार घेऊन आलो की अण्णा शर्ट माझ्या हातून घ्यायचे आणि म्हणायचे, "शर्टात काय कमी न्हाई, सर. तुमच्यात बी न्हाई. जमंल."

मग मामांनी शिंगणापूरचं स्थळ आणलं. मुलगी, वैशाली, घरी शिवणकाम करायची आणि तिला गावाकडेच राहायचं होतं. हे ऐकून मला इतका आनंद झाला की आईला नीट सांगायच्या आधी मी अण्णांच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिलो. त्यांनी सगळं बारकाईनं विचारलं. कोणाची? घर कुठल्या आळीला? वडील कसे? पुण्याकडेच राहायचा हट्ट नाही ना? माझे पेपर तपासायचे राहिले होते, म्हणून जायचं पुढच्याच्या पुढच्या रविवारी ठरलं होतं, तेही मी सांगितलं. बदामी शर्ट पिशवीतच होता. "ऱ्हाऊ द्या माज्याकडंच," अण्णा म्हणाले. "ऐन टायमाला कडक करून देतो." मी घरी येईपर्यंत शीळ वाजवत होतो.

त्या रविवारी अण्णांनी कडक करून दिलेला बदामी शर्ट घालून मी मामांबरोबर शिंगणापूरला गेलो. तिच्या घराला चौकट होती, कवाड नव्हतं. त्या गावात नसतातच. मामा, तिचे वडील, चुलते, सगळे बसले होते. वैशाली पोहे घेऊन आली, आणि तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. आधी कॉलर, मग खांदे, मग बटणं. मला गंमत वाटली. अण्णांना सांगायला पाहिजे, असं मनात आलं. आम्हाला दोघांना ओसरीवर बोलायला बसवलं तेव्हा ती जरा मोठ्यानंच म्हणाली, "एक विचारू का? हा शर्ट तुमचाच हाय ना?"

"का?"

"मागल्या रविवारी एक पाहुणे आलते. त्यांच्या अंगात हाच होता. तिसरं बटण निळ्या दोऱ्याचं."

मी हसलो. म्हटलं, "आमच्या नेवाशात एक अण्णा आहेत, ते सगळ्यांचीच बटणं निळ्या दोऱ्यानं लावतात."

ती म्हणाली, "आणि खिशाला लाल ठिपका?"

मी खाली बघितलं. ठिपका जिथल्या तिथं होता. ज्या गावात कोणी कुलूप लावत नाही, तिथं मला कळलं की आपल्याकडे चोरी झाली आहे.

ओसरीला दार नसल्यामुळे आतही सगळं ऐकू गेलं होतं. तिचे वडील बाहेर आले. "मास्तर, नोकरी पर्मनंट हाय म्हनता आन् शर्ट मागून आनता व्हय? मंग नोकरी तरी तुमचीच हाय का?"

शर्ट माझा आहे, एवढंच मला बोलायचं होतं. पण मग तो दुसऱ्याच्या अंगात गेला कसा, हा प्रश्न आला असता. दुकानाचं नाव निघालं असतं आणि आठ दिवसांत तालुक्यात एकही माणूस अण्णांच्या टेबलावर शर्ट ठेवायला गेला नसता. काहीतरी चूक झाली असेल, अण्णा सांगतील, असं मला अजून वाटत होतं. मी मान खाली घातली. वैशाली माझ्याकडे बघत राहिली होती. मामांनी गाडी काढली आणि आम्ही नेवाशाला परत आलो.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी दुकानात गेलो. बदामी शर्ट टेबलावर ठेवला आणि विचारलं, "अण्णा, हा कोणाला दिला होता?"

अण्णांनी इस्त्री उभी केली. चादरीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "दत्ताला. भाच्याला. छत्तीसचा झाला सर. बागाईत हाय, कष्टाळू हाय, पर शेतकरी म्हनलं की कुनी दारात उबं करीना. भैन रोज रडती."

"शर्ट मागितला असता तर मी दिला असता."

"व्हय. शर्ट दिला असता."

तेव्हा मला खरी गोष्ट कळली. चोरी शर्टाची नव्हतीच. आळी, घर, वडिलांचा स्वभाव, गावाकडे राहायला तयार असलेली मुलगी, सगळं मी माझ्या तोंडानं त्यांना दिलं होतं, आणि त्यांनी माझ्या आधी आठ दिवस आपला माणूस तिथं नेऊन बसवला होता. माझ्याच कपड्यांत. मी ज्यांना वाचवायला गप्प बसलो, त्यांनीच मला विकलं होतं. मी म्हणालो, "अण्णा, माझ्याकडे बघून बोला." त्या दिवशी त्यांची नजर कॉलरवरून वर आलीच नाही. मी शर्ट तिथंच टाकला आणि निघालो. दोन महिन्यांनी दत्ताचं वैशालीशी लग्न झालं. पत्रिका अण्णांनी शाळेच्या शिपायाकडे ठेवली होती, मी ती उघडली नाही.

त्याला सात वर्षं झाली. मी लग्न केलं नाही, म्हणजे झालं नाही. अण्णांच्या गल्लीत पुन्हा पाऊल टाकलं नाही. इस्त्री विकत घेतली आणि घरीच करायला लागलो. संताप याचा येतो की दुसरी पद्धत हाताला येतच नाही. कॉलर आली की हात टोकाकडून मधेच जातो. शर्ट टांगून दहा मिनिटं थांबतो. वर्गात एखाद्या पोराची कॉलर वळलेली दिसली की "कॉलर का अशी अडाणी" हे ओठांवर येतं आणि मी ते गिळतो. ज्या माणसानं मला फसवलं, तो रोज सकाळी माझ्या मनगटात येऊन उभा राहतो आणि मला त्याला हाकलता येत नाही.

अण्णा या उन्हाळ्यात गेले. मी गेलो नाही. तेराव्यानंतर एका दुपारी वैशाली आमच्या घरी आली, हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. आईनं तिला ओळखलं नाही, पाणी दिलं आणि चहा टाकायला आत गेली. वैशालीनं कागद सोडला. बदामी शर्ट. बटणं बंद, बाह्या मागे, कॉलर अशी की बोट लावायला भीती वाटावी.

"अण्णामामांच्या दुकानात मागच्या खिळ्याला होता," ती म्हणाली. "दर महिन्याला धुवून इस्त्री करायचे. आमच्या ह्यांनी एकदा जत्रेला मागितला, तर त्यांच्या अंगावर धावून गेले."

मी शर्टाकडे बघत राहिलो. शर्टाला हातही लावला नाही. इस्त्री करून ठेवली म्हणजे माणूस सुटला असं मला वाटत नाही, आजही वाटत नाही.

ती थोडा वेळ बसली. उठताना म्हणाली, "सर, मी शिवणकाम करते. त्या दिवशी तुम्ही चौकटीतून आत आलात तेव्हाच मला कळलं होतं. ह्यांच्या खांद्यावरून तो उतरत होता. तुमच्या हाडावर बसला होता." तिनं पदर सावरला. "शर्ट तुमचाच हाय का, हे मी माहीत करून घ्यायला विचारलं नव्हतं. तुम्ही सगळ्यांसमोर हो म्हणावं म्हणून विचारलं होतं."

आतून आई विचारत होती, चहात साखर किती घालू. वैशाली माझ्याकडे बघत दारात थांबली होती, आणि मी त्याही वेळी गप्प बसलो.