जाळीबाहेरची आई
मुलीच्या पोहण्याच्या क्लासला गेले की क्लोरीनचा वास नाकात शिरतो आणि वॉटर पार्कबाहेरचं ते कडुलिंबाचं झाड आठवतं. लहानपणी भोकरदनहून आम्ही चौघं एसटीने तिथे गेलो होतो, पण आई फाटकापाशीच थांबली. "मला काय पाण्यात उतरायचंय? फुकटचा खर्चा कशाला," म्हणत ती धपाट्यांची पिशवी घेऊन लिंबाखाली बसली. आत वडिलांसोबत मी आणि धाकटा भाऊ दिवसभर घसरगुंड्यांवरून मनसोक्त किंचाळलो. ऊन उतरल्यावर बाहेर आलो, तर झाडाखाली नुसती पिशवी होती, आई नव्हती. समोर ट्रक सुसाट धावत होते. वडील हाका मारत पळाले, धाकटा रडायला लागला. आई पार्कच्या मागच्या बाजूला सापडली, तारेची जाळी दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी. तिथून घसरगुंडीचं फक्त वरचं टोक दिसायचं. "सकाळपासून लेकरं वरडून राह्यले," ती म्हणाली, "आपल्याकडं विहिरीवर असं कुणी वरडलं का लेकरू गेलेलंच असतंय." तिच्या तळहातांवर तारेचे लाल वळ उठले होते. आता मुलीच्या क्लासला मी पैसे भरून तलावाच्या अगदी काठावर बसते. तरी मुलगी पाण्याखाली गेली की ती वर येईपर्यंत बाकाची कड माझ्या हातून सुटत नाही.