राबावरची चाकं

माझ्या मुलाचं घर ठाण्याला चौदाव्या मजल्यावर आहे. ते कमी पडलं म्हणून त्याने दुसरं घेतलं, चाकांवरचं. मेच्या शेवटच्या आठवड्यात तो जव्हारला आला तो हे दुसरं घर ओढतच. पुढे ट्रकला लाजवील अशी काळी एसयूव्ही, तिच्या पाठीला लोखंडी गोळा, त्या गोळ्यावर अडकवलेला पांढरा कॅम्पर ट्रेलर. आत पलंग, शेगडी, फ्रीज, हात धुवायचं भांडं. ते धूड गल्लीत शिरलं तशी समोरची शेजारीण कपडे वाळत घालायची थांबली.

"काकू, मुलगा बिऱ्हाडासकट परत आला वाटतं?"

"नाही गं. एका घरात राहायचं आणि दुसरं फिरवून आणायचं, असं निघालंय हल्ली."

तिला असं म्हटलं खरं, पण मनातून मी फुलले होते. दोन पायऱ्या चढून आत गेले, पलंगावर बसून दोनदा हिसके देऊन पाहिले. सत्तरी ओलांडलेली बाई! पुढे जे झालं त्याचा राग मुलावर काढायचा हे सोपं आहे आणि तो मी काढणारच आहे. पण त्यात निम्मा वाटा माझा होता, हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर सूनबाई म्हणायची, सासूबाईंनी स्वतःपुरतं झाकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा, सून, दहा वर्षांची नात आणि मी मोखाड्याला निघालो. बाजाराचा दिवस होता. मी म्हटलं, ट्रेलर घरी ठेव. तो म्हणाला, "आई, मग आणला कशाला?"

मोखाड्याच्या बाजारात समोरून प्रवासी कोंबलेली वडाप जीप आली आणि आम्ही अडकलो.

"ओ शेठ, घर मागं घ्या! पाशिंजर खोळंबलंय!"

आता, नुसती गाडी मागे घ्यायची तर स्टिअरिंग जिकडे, तिकडे शेपूट. ट्रेलर लावला की सगळं उलटं. डावीकडे फिरवलं की ट्रेलर उजवीकडे पळतो. मुलाने हे व्हिडिओत पाहिलं होतं. दोनदा पाहिलं होतं म्हणे. त्याने फिरवलं, आणि कोपरातून हात दुमडावा तसे गाडी न् ट्रेलर एकमेकांवर दुमडले. सुकट विकणारी बाई पाटी उचलून उठलीच.

"अरं दादा, माझ्या सुकटीवर कुठं घर बांधतूस!"

सगळा बाजार हसला. शेवटी जीपवाला आणि आणखी तिघे पुढे झाले, आकडा सोडवला, ट्रेलर हातांनी ढकलून सरळ केला, पुन्हा अडकवून दिला. पाच मिनिटांचं काम. चार माणसांचे हात लागले की सुटण्यासारखं ते कोडं होतं. पण मुलाचे कान लाल झाले, आणि त्या सगळ्या हशात मोठ्याने कोण हसलं? मी. तेव्हाच त्याने ठरवून टाकलं असणार की पुन्हा कोणाला ढकलायला म्हणून बोलवायचं नाही.

परत जव्हारला आलो आणि साखरशेतच्या बाजूला वळलो. तिथून पुढे एका पाड्यावर मी शिकवायला होते, उमेदीची सगळी वर्षं. नातीला ती शाळा दाखवायची होती. गाडीत गार हवा, मऊ गादी. अशा गादीवर बसलं की माणसाला बढाया सुचतात. मी सुरू झाले.

"बाविसाव्या वर्षी आले गं मी नाशिकहून. पांढरी वायलची साडी, हातात छत्री."

"आणि डोक्यात?" सून आरशातून बघत म्हणाली. तिने हे सगळं ऐकलेलं आहे.

डोक्यात काय, सगळा तालुका सुधारायचा बेत! पहिल्याच महिन्यात या शहाणीने फळ्यावर लिहिलं, 'झाडे तोडू नका', आणि पोरांकडून वीस वेळा लिहून घेतलं. पोरांचे बाप त्याच वेळी समोरच्या उतारावर ऐनाच्या फांद्या छाटत होते. पोरं एकदा पाटीकडे बघायची, एकदा बापाकडे. या बाईसाहेबांना वाटायचं, काय मन लावून अभ्यास चाललाय!

त्या फांद्या कशासाठी, हे विचारायला मला चार वर्षं लागली. राबासाठी. शेताच्या एका तुकड्यावर हिवाळ्यापासून फांद्या, पाला, शेण, गवत यांचे थर रचायचे, वर माती पसरायची. उन्हाळ्यात वाऱ्याच्या उलट्या बाजूने पेटवायचं, म्हणजे आग धावत सुटत नाही, बसून जळते. जमीन भाजते, तणाचं बी मरतं. पावसाच्या तोंडावर त्या राखेत नागली आणि भात पेरायचं, तिथे रोपं वाढवायची, आणि मग उपटून सगळ्या शेतात लावायची, ती आवणी. शेत केवढंही असो, त्याचं बाळंतपण त्या एका काळ्या तुकड्यावर.

पण गाडीत नातीला मी हे सांगितलं नाही. मी सांगितली ती माझी नेहमीची गोष्ट, जी मी पन्नास वर्षं हशा मिळवत सांगत आले. पहिल्या वर्षी शाळेला मैदान नव्हतं. मग एप्रिलात या शूर बाईने मैदान शोधून काढलं.

"काळं, सपाट, मऊ. पडलं तरी लागायचं नाही. साडी खोचून मी पोरांबरोबर खो-खो खेळायचे. घरी जाताना सगळे कोळशासारखे काळे!"

नात खिदळली. मुलगाही हसला, सकाळपासून पहिल्यांदा.

पाड्यावरचा रस्ता शाळेच्या अलीकडे अरुंद झाला. पुढे मोरीचं काम अर्धवट, गाडी जाण्यासारखं नव्हतं. वळवायची तर जागा नाही, मागे घ्यायची तर पुन्हा तोच खेळ. कडेला घरं होती, ओट्यावर माणसं होती. हाक मारली असती तर चार जण आले असते. मुलाने हाक मारली नाही. त्याने उजवीकडे पाहिलं. बांधापलीकडे काळी, सपाट जमीन.

"आई, हे बघ, तुझं खो-खोचं मैदान!"

मी "थांब" म्हणेपर्यंत पुढची चाकं बांध ओलांडून गेली होती. खालून मऊ लागलं. ते मऊपण मी ओळखलं. पायांना ते अजून आठवतं.

"थांब! थांबव! राब आहे तो!"

"मोकळी जागा आहे आई, एका मिनिटात वळवतो."

मोकळी जागा! कोणी मोकळी करून ठेवली होती तुझ्यासाठी? पण तो ऐकेना. स्टिअरिंग डावीकडे, ट्रेलर उजवीकडे, पुन्हा दुमडला. पुढे, मागे, पुढे, मागे. एक मिनिट म्हणता म्हणता त्या दोन-अडीच टनांच्या गाडीने आणि तिच्या मागच्या फ्रीजने, पलंगाने, हात धुवायच्या भांड्याने तो सगळा तुकडा वरवंट्यासारखा दाबून काढला. मी दार उघडून चालत्या गाडीतून पाय खाली टाकला तेव्हा कुठे ब्रेक लागला.

बांधावर एक बाई उभी होती. पन्नाशी उलटलेली, कमरेला पदर खोचलेला. मी ओळखलं. माझ्या पहिल्या वर्गातली, पहिल्या बाकावर बसायची. बाकही नव्हते तेव्हा, पहिल्या ओळीत म्हणू. तिने मला ओळखलं आणि आधी वाकून नमस्कार केला. तो नमस्कार मला थोबाडीत मारल्यासारखा लागला.

"पेरलंस का गं?" मी विचारलं. मला आशा होती की नाही म्हणेल.

"परवाच पेरला, बाई. भातपण, नागलीपण."

मुलगा खाली उतरला होता. "सॉरी हं मावशी. पण वर काहीच नव्हतं, मला वाटलं रिकामं आहे. पाऊस पडला की येईल ना?"

 ती खाली बसली, चाकाच्या खुणेत बोट रुतवून पाहिलं. बोट आत गेलं नाही.

"खणून भुसभुशीत करून देऊ का? कुदळ आहे?" सून म्हणाली. तिने चपला केव्हाच काढून हातात घेतल्या होत्या. आमच्यात तेवढं सुचलेली ती एकटी.

"नको ताई. खणला तर बी खाली जाईल. आता हात नका लावू."

"मग दुसरीकडे पेरता येईल की," मुलगा म्हणाला. "जागा तर भरपूर दिसतेय."

आता मात्र माझा तोल सुटला. पाड्यावरची माणसं जमली होती, त्यांच्यादेखत मी माझ्या पंचेचाळीस वर्षांच्या मुलावर ओरडले. दुसरीकडे कुठे रे पेरायचं? फांद्या कुठून आणशील मेमध्ये? शेण? ती माघापासून डोक्यावर भारे वाहते तेव्हा हा तुकडा काळा होतो. सात माणसं आहेत त्या घरात, त्यांचं वर्षाचं खाणं इथून उठून शेतात जातं. आणि तू म्हणतोस रिकामं आहे! तुमच्या डोळ्यांना हिरवं नसलं की सगळं रिकामंच दिसतं का? सकाळी चार माणसं हसली ती एवढी झोंबली, की ओट्यावरच्या माणसाला 'दादा, जरा हात लावा' म्हणायला जीभ रेटली नाही?

 तो म्हणाला, "पण तूच सांगितलंस ना. काळं, सपाट, मऊ."

 तेवढ्यात माझी ती पहिल्या ओळीतली मुलगी हळूच म्हणाली, "बाई, तुम्ही खो-खो खेळायच्या नं, तो आमचाच राब होता."

"हाच?"

"हाच. राख सगळी उडाली तवा. त्या साली रोपं धड आली नाय. आईनं पाड्यावर रोपं मागून मागून आवणी केली."

"मग बोलली का नाही तुझी आई? एकदा तरी बोलायचं!"

"ती म्हंगाली, बाईंना बोलू नको. बाई रागावून निघून जातील, मग तुला कोण शिकवील?"

ज्या गोष्टीवर मी पन्नास वर्षं हशा वसूल केला तिचा हा उरलेला भाग. राब म्हणजे काय ते मला चार वर्षांनी कळलं होतं. तेव्हाच जाऊन विचारायला हवं होतं, मी कोणाच्या राबावर नाचले. नाही विचारलं. गोष्ट फार छान जमली होती ना! त्या वायलच्या साडीतल्या मुलीची मी आजवर थट्टा करत आले, तिच्या छत्रीची, तिच्या फळ्याची. लाडाने करत आले, हे त्या दिवशी कळलं. तिला दोन फटके द्यायला हवे होते.

गाडी बाहेर कशी काढली विचाराल, तर पाड्यावरच्या माणसांनी. आकडा सोडवून ट्रेलर हातांनी उचलल्यासारखा बांधापलीकडे नेला. ज्यांचं नुकसान झालं त्यांनीच आम्हाला सोडवलं, आणि वर पाणी दिलं. ते पाणी पिताना मुलाची मान वर होईना. होऊ नयेच.

जव्हारला परतलो. दारात उतरल्यावर एवढंच म्हटलं, "आवणीला यायचं. ट्रेलर नाही, ही गाडीही नाही."

"आई, जुलैत ऑफिसला—"

"यायचं."

जुलैत तो एसटीने आला. पुढे आम्ही दोघं वडाप जीपने गेलो, तो मागे लटकून. राब पाहिला. रोपं आली होती, हिरवीगार, दाट. आणि त्यांच्यामधून चाकांचे पट्टे गेले होते, आडवे, तिरपे, वेटोळ्याचे. जिथे जिथे त्याने पुढे-मागे केलं होतं तिथे मोठाली टकलं. पाणी साचून चिकट झालेली काळी माती, बाकी काही नाही. त्याने मोबाइल काढला, बहुधा फोटोसाठी, आणि माझ्याकडे बघून परत खिशात ठेवला.

दिवसभर तो चिखलात वाकून रोपं लावत होता. पाड्यावरच्या बायका त्याला शिकवत होत्या, हसत होत्या. "शेठ, सरळ लाव रे, शेत हाय का केसाचा भांग?" त्याला कमरेतून सरळ होता येईना. मला बरं वाटलं. लपवत नाही, छान बरं वाटलं.

खालची दोन खाचरं झाली. तिसऱ्याचं अर्धं झालं. मग रोपांच्या जुड्या संपल्या. वरचं अख्खं खाचर चिखलणी करून, पाणी भरून तयार होतं. बैलांनी सकाळी ते केलं होतं, कारण दरवर्षी तेवढं लागतं.

मुलगा त्या पाण्याकडे बघत उभा राहिला. "मावशी, यात काय लावायचं आता?"

"शेजारच्यांची रोपं उरली तर देतील," ती म्हणाली. हात धुताधुताच म्हणाली.

"आणि नाही उरली तर?"

ती त्याच्याकडे बघून हसली. शाळेत उत्तर येत नसलं की अशीच हसायची. तिने खाली पडलेल्या रोपांच्या चार-पाच चुकार काड्या वेचल्या आणि तिसऱ्या खाचराच्या कडेला खोचल्या. मुलाने माझ्याकडे पाहिलं. लहानपणी काही फोडलं की असाच बघायचा, आईने काहीतरी बोलावं म्हणून.

 मी त्याच्याच शेजारी बांधावर उभी राहिले, आणि त्या भरलेल्या रिकाम्या खाचराकडे आम्ही दोघांनी पाहत राहावं म्हणून न्यायला आलेल्या जीपला आणखी एक खेप करून यायला सांगितलं.