षटकोनांची गोधडी

हे बोलायला बसले की मी दर वेळी काहीतरी काम काढून उठते. आज उठणार नाही. ऐकणारं ओळखीचं नसलं की थोडं सोपं जातं म्हणतात — जातं का? यांना सांगितलं नाही, लेकीला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही.

गोधडीपासून सुरू करते. लेकीला दिवस गेले होते आणि बाळासाठी मला गोधडी शिवायची होती. साधी नाही. मोबाईलवर एका बाईंचा व्हिडिओ पाहिला होता. एकाच छापाचे सहा तुकडे एकावर एक हुबेहूब जुळवायचे, टाचण्या लावायच्या आणि एकदम त्रिकोण कापायचे. मग ते सहा सारखे त्रिकोण फिरवून जोडले की षटकोन होतो, आणि त्याच्या मधोमध असं काही फूल उमटतं की जे मूळ कापडावर कधी नव्हतंच. लहानपणी जत्रेतल्या नळकांड्यात काचा फिरवून बघायचो ना, तसं. मला वेडच लागलं. पण त्यासाठी मोठा, ठसठशीत आणि पुन्हा पुन्हा येणारा छाप हवा. सोलापुरात इतकी दुकानं, उन्हातून वणवण केली, तरी मनासारखं कापड मिळेना.

तसं कापड घरात होतं — आत्यांच्या ट्रंकेत. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. मोरपंखी रंगाची सुती साडी, त्यावर तळहाताएवढी केशरी फुलं. त्यांनी आणि अकलूजच्या त्यांच्या धाकट्या बहिणीने, शांतामावशींनी, जोडीनं घेतलेल्या दोन सारख्या साड्या. आत्या ती फारशी नेसत नसत.

विचारलं असतं तर नाही म्हणाल्या असत्या. म्हणूनच विचारलं नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं. त्या देवळात गेल्या होत्या. मी साडी काढली, घड्या घातल्या, फुलावर फूल जुळवलं — आणि कात्री चालवली. कडा नीट याव्यात एवढीच काळजी होती.

गोधडी सुरेख झाली. खाली जुनी मऊ चादर लावली. आत्यांनी ती मांडीवर घेतली. ओळखतील का? त्या षटकोनांवरून बोट फिरवत राहिल्या. "लई ग्वाड फुलं हायती गं. कुटनं आणलंस कापड?" मी म्हटलं, ऑनलाइन मागवलं. साडी अशी मोडली होती की तिची मालकीणसुद्धा तिला ओळखत नव्हती. मला काय वाटलं सांगू? सुटल्यासारखं वाटलं.

लेक गोधडी घेऊन पुण्याला गेली. नंतर मावशींच्या नातीचं लग्न ठरलं, आणि दोघी बहिणींनी फोनवर ठरवलं की त्याच साड्या नेसायच्या. आत्यांनी ट्रंक उपसली. सगळे कपडे पलंगावर. "मंगल, माजी साडी कुटं हाय?" दारात हे उभे होते.

तेव्हा तरी सांगता आलं असतं. फार तर रडल्या असत्या, महिनाभर बोलल्या नसत्या.

मी म्हटलं, "आत्या, असं काय करता? तुम्हीच दिलीत की बोहारणीला." त्या बघतच राहिल्या. "मी? मी कवा दिली?" मग मी स्वयंपाकघरात गेले आणि स्टीलचा एक कोरा डबा घेऊन आले. माझ्याच भिशीतून घेतलेला. "हा काय, हा डबा घेतलात त्या साडीवर." असा डबा आणायचं मला सुचलं कसं?

आत्यांनी डबा हातात घेतला. उलटा करून पाहिला. त्यांचा चेहरा हळूहळू बदलला, आणि तो रागानं बदलला नव्हता. त्या घाबरल्या होत्या.

तोवर त्या एकट्या एसटीने अकलूजला जायच्या. वाटेत गाडी बदलायच्या, दोन दिवस राहून परत यायच्या. पण आईला विसर पडतोय अशी शंका यांच्या मनात बसली. डॉक्टरांना दाखवून झालं, गोळ्या सुरू झाल्या. आईने आता एकटीने जायचं नाही, असं ठरलं. आत्याही प्रत्येक गोष्ट मला विचारू लागल्या — गॅस बंद केला का, कुलूप लावलं का.

लग्नाला गेल्या, पण दुसरीच साडी नेसून. त्यानंतर पावसाळ्यात मावशी आजारी पडल्या. आत्या पिशवी भरून बसल्या. "मी जाते की. सकाळची गाडी हाय." हे म्हणाले, "आई, कुठंतरी भलतीकडेच उतरशील. रविवारी मी नेतो." आत्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या बाजूने एक शब्द बोलले असते तर? मी भाजी चिरत होते. चिरत राहिले.

मावशी शुक्रवारी गेल्या.

दिवसकार्य झाल्यावर मावशींच्या सुनेने त्यांची ती मोरपंखी साडी आत्यांच्या ओटीत घातली. परतताना गाडीत आम्ही दोघी मागे बसलो होतो. त्या पदर उलगडून फुलांकडे बघत होत्या.

"ही तिची न्हवं?"

"हो, मावशींची."

"मग माजी कुटं गेली गं?"

पुढे हे गाडी चालवत होते. रस्ता मोकळा होता, घाई कसलीच नव्हती. मी म्हटलं, "बोहारणीला दिलीत, आत्या."

"व्हय की," त्या म्हणाल्या. "इसरलेच बघ."

आता त्यांना खरंच विसर पडतो. वयाने की मी पटवून दिलं म्हणून, ते कोण सांगणार? घरी आल्यावर त्यांनी ती साडी माझ्याच हातात दिली. मी माझ्या कपाटात ठेवलीय. अधूनमधून येऊन विचारतात, हाय न्हवं? मी काढून दाखवते. त्या तिच्यावरून हात फिरवतात, घडी नीट करतात आणि परत माझ्याकडे देतात. म्हणतात, "तुज्यापाशी असली म्हंजे मला घोर न्हाय."