शून्य लिहायचं नाही

विमलताई पहिल्यांदा आमच्याकडे नाश्त्याला आल्या तेव्हा ऑम्लेटला हात न लावता म्हणाल्या, "कोंबडी कुठली?"

"जन्मपत्रिका आणू का, ताई?" मी म्हणालो.

"पत्रिका नको. कुठल्या मातीत चोच मारते तेवढं सांगा."

कोंबडी भिंतीपलीकडच्या वस्तीतल्या कमलाची होती. आमची फरीदाबादची सोसायटी. भिंतीपलीकडे मोकळ्या जागेत तांब्यासाठी जुन्या वायरी जाळतात. धुरातलं डायऑक्सिन, कॅन्सर करू शकणारं विष, मातीत बसतं, मातीतून कोंबडीत, अंड्याच्या बलकात, आणि खाणाऱ्याच्या चरबीत वर्षानुवर्षं राहतं. हे ताईंनीच शिकवलं. त्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेल्या केमिस्ट. मला आकड्यांची आवड, म्हणून त्यांचे तक्ते मी करू लागलो.

अंड्यांचे नमुने तपासून आले. एकापुढे 'आढळले नाही' होतं. मी शून्य भरलं, ताईंनी खोडलं. "यंत्राला दिसलं नाही, एवढंच. त्याला कमीत कमी जेवढं दिसतं त्याच्या निम्मं लिहा. शून्य लिहायचं नाही."

बाकीच्या नमुन्यांत यंत्राला डायऑक्सिन स्पष्ट दिसलं होतं. कमलाला त्यांनी कोंबड्या बांधून ठेवायला सांगितलं. "और जो बच्चे खा चुके, मॅडमजी?" तिने विचारलं. ताईंनी मला अंडी खाणाऱ्या घरांची यादी करायला सांगितली.

पुढे ताईंनाच कॅन्सर निघाला. वायरी जाळणं थांबवावं म्हणून मी सोसायटीचा अर्ज लिहीत होतो. सेक्रेटरी म्हणाले, "ताईंचं नाव टाका, यार. फाईल बिल्कुल हलेल." मी हॉस्पिटलात जाऊन विचारलं.

"धुरानेच झाला कशावरून? प्रयोगशाळेत जन्मभर बेंझीन हुंगलंय मी, त्यानेही होतो. एका माणसावरून काही ठरत नाही."

"म्हणजे धुराचा संबंध नाही?"

"असं कुठे म्हणाले? पण मला पुरावा करू नका." मग डोळे मिटूनच म्हणाल्या, "नावच हवं असेल, तर अंडी खाणाऱ्यांच्या यादीत तुमचं घर कुठाय?"

यादी मीच केली होती. वस्तीतलं एकही घर सुटलं नव्हतं.

ताई त्याच आठवड्यात गेल्या. अर्जात त्यांचं नाव नाही. सेक्रेटरी अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. अर्जाला जोडलेल्या यादीत शेवटी आमच्या घराची एक ओळ वाढवली: मुलगी, रोज एक अंडं, नऊ वर्षं. परिणामाच्या रकान्यापाशी पेन बराच वेळ थांबलं. शून्य लिहावंसं फार वाटत होतं. 'माहीत नाही' लिहिलं आणि सही केली.