आईने पुजलेला टेस्टर

आमच्या आईने एका खंडेनवमीला माझ्या व्यसनाची यथासांग पूजा केली.

चूक माझीच. सिगारेट सोडेन, असं मी बायकोला, मेधाला, मुलीच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं होतं. (मेधा इथे सिंगापुरात नोव्हेना भागातल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे, तिला फुप्फुसांची फार माहिती!) सोडलीही. फक्त पुण्याहून येताना गुपचूप इलेक्ट्रॉनिक सिगारेट आणली. सिंगापुरात ती आणायलाच बंदी. पकडलो असतो तर इथे नोकरी करायचा एम्प्लॉयमेंट पासही गेला असता आणि मेधाही! म्हणून ओढायचा तुकडा बुटांच्या कपाटात आणि पेनासारखी दिसणारी बॅटरी हत्यारांच्या पेटीत, टेस्टरशेजारी.

आई तेव्हा बुकित पंजांगच्या आमच्या फ्लॅटवर आली होती. नवमीला तिने ती पेटीच पाटावर रिकामी केली. पक्कड, पाने, टेस्टर, बॅटरी... सगळ्यांना गंध, हळदकुंकू, अक्षता! "आज कशालाही हात लावायचा नाही," तिने बजावलं. मी दिवसभर बडीशेप चघळत कळ काढली.

दसऱ्याला सकाळीच बॅटरी घेऊन बाथरूम गाठलं. बटण दाबलं, तर दिवा तीनदा लुकलुकला आणि गप्प. केबल बदलली, चार्जर बदलला, टोक पुसलं. ढिम्म!

"सुहास, अर्धा तास झाला!" मेधा दाराबाहेरून ओरडली.

"पोट बिघडलंय!"

"ओवा देऊ का रे?" हा आईचा आवाज.

निमूटपणे ओवा खाल्ला. पण मी तुआसच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करणारा माणूस, हार कसली मानतो! सरळ जेवणाच्या टेबलावर बसलो आणि टेस्टर बिघडलाय म्हणून सांगितलं.

"टेस्टर नो नीड चार्जिंग, लाह," आमची नऊ वर्षांची इरा तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

"तू पोळी खा!"

टूथपिकने बॅटरीच्या टोकाचे आटे खरवडले. आतून कुंकू लागलेला तांदळाचा दाणा निघाला. "सापडला फॉल्ट!" मी ओरडलो. दिवा लागला! तिघींनी टाळ्या वाजवल्या. आता दुरुस्तीनंतर चालवून बघितल्याशिवाय काम संपत नाही, ही आमची कारखान्यातली सवय. आनंदाच्या भरात मी कपाटातून तुकडा आणला, जोडला आणि सगळ्यांसमोर सणसणीत झुरका घेतला!

टेबलावर स्ट्रॉबेरीच्या वासाचा ढग पसरला.

"चालला की रे!" आई कौतुकाने म्हणाली.

"हो ना," मेधा शांतपणे म्हणाली. "फॉल्ट मलाही सापडला."

इरा मात्र रडायलाच लागली. "बाबा, यू प्रॉमिस्ड!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्याच दिवशी मेधाबरोबर मुकाट्याने नोव्हेनाच्या व्यसनमुक्ती क्लिनिकात जाऊन बसलो. त्याला आता तीन वर्षं झाली. एक झुरका नाही! जिना चढताना इराच्या पुढे असतो.

आई सगळ्यांना पूजेचा गुण म्हणून सांगते. मीही मान डोलावतो. चाळिशीतला इंजिनिअर स्वतःच्याच टेस्टिंगमध्ये पकडला गेला, हे सांगण्यापेक्षा देवी पावली म्हणणं केव्हाही बरं!