डोक्यावरून कानापर्यंत

चार महिने. शेजारच्या वहिनीचा मुलगा माझ्या बालवाडीत एवढेच दिवस बसला, आणि त्याचा राग मला आजही येतो. आधी राग वहिनीवर होता. आता तो कुणावर आहे, ते सांगतो.

त्याच्याच वयाचा माझा भाचा तेव्हा जर्मनीत, हॅम्बुर्गला होता. भावोजी बोटीवरून उतरून तिथल्या बंदरातच नोकरीला लागले आणि ताईला घेऊन गेले. ताईचं निळं विमानपत्र महिन्याने यायचं. तिने लिहिलं होतं, इथे मुलगा तीन वर्षांचा झाला की बालवाडीत जातो आणि सहा पुरी होईपर्यंत तिथेच असतो. अक्षर एक शिकवत नाहीत. चिखलात खेळवतात, कागद कापायला देतात. पूर्ण तीन वर्षं! मी ते पत्र वाचून पेटलोच.

मी तेविशीत होतो. चळवळीतले मित्र एकेक करून मुंबईला नोकरीला लागले. मी शिरोड्याजवळच्या आमच्या गावात, देवळाच्या धर्मशाळेत, अठरा पोरं घेऊन बसलो. पुरुषाने बालवाडी चालवावी हे गावाला पचत नव्हतं. चहाच्या हाटेलात शिरलो की सुरू:

“काय रे मास्तरा, आज कितक्यांची ढुंगणां धुतलंस?”

“तेका लगीन कित्याक व्हया? अठरा पोरां तयारच आसत!”

मीही हसायचो. मग अर्धा चहा तसाच ठेवून उठायचो. घरी वाट बघणारं कुणी नव्हतं. स्टोव्हवर भात टाकायचा आणि तो शिजेपर्यंत ताईला पत्र लिहायचं, एवढंच काय ते बोलणं.

अठरांतला शेवटचा, वहिनीचा मुलगा, संक्रांतीनंतर आला. साडेचार वर्षांचा, पण हाडाने लांब. पहिल्याच आठवड्यात त्याने मला एक गंमत दाखवली. उजवा हात डोक्यावरून घेऊन डाव्या कानाला लावायचा. बोटं जेमतेम टेकायची.

“मास्तर, बघा, माझो लागता!”

मला आवडलं. मी सगळ्यांनाच उभं केलं. रोज सकाळी प्रार्थनेनंतर कवायत: हात वर, डोक्यावरून, कान पकड. पोरं खिदळत ताणायची. ज्याचा हात पोचेल त्याला मी टाळ्या वाजवायचो.

दरम्यान मी पत्रक काढलं. सावंतवाडीहून सायक्लोस्टाइल करून आणलं. ‘तिथल्या मुलाला तीन वर्षे, आमच्याला एक वर्षही नाही!’ एका भाच्यावरून मी दोन देशांचा निकाल लावून टाकला होता. खाली ओळ होती, ‘कोवळी पोरे शाळेत ढकलणाऱ्या आईबापांनो, लाज बाळगा.’ बालवाडी साडेअकराला सोडायची आणि पत्रकं वाटत वेंगुर्ल्यापर्यंत फिरायचं, असा माझा दिवस.

मे महिन्यात प्राथमिक शाळेची पटनोंदणी झाली. मी सहज तिथे गेलो होतो. वहिनी मुलाला घेऊन उभी.

“जन्मदाखला आहे?” हेडगुरुजींनी विचारलं.

“नाय.”

“हात वर कर रे बाळा. डोक्यावरून. हं, लागला. सहा पूर्ण. एक जून लिहितो.”

“गुरुजी, तो साडेचार वर्षांचा आहे!” मी ओरडलो.

“तुझ्याकडे दाखला आहे का? मग बस. मला पट भरायचा आहे.” त्यांनी वर पाहिलं. “बाकी तुझी पोरं हात छान नेतात हो. सकाळपासून सहा झाली.”

माझी स्वतःची जन्मतारीख एक जूनच आहे. मीही असाच कान धरून शाळेत गेलो होतो. तरी चार महिने रोज सकाळी त्या पोरांना बालवाडीतून बाहेर काढायची कवायत मीच घेत होतो, आणि टाळ्याही मीच वाजवत होतो.

संध्याकाळी वहिनीच्या पडवीत जाऊन मी तावातावाने विचारलं, “वयनी, पोराची दीड वर्षां कित्याक खाल्लंस?”

ती काजूच्या कारखान्यात बी फोडायची. बीच्या टरफलातल्या डिकाने काळी पडलेली बोटं ती राखेने घासत होती.

“वर्षां माका काय करूची? मी सातच्या यष्टीन जातंय, सांजच्याक येतंय. तू साडेअकराक पोरांका सोडून पत्रकां वाटूक जातंस. घराक म्हातारी सासू, तिका दिसना नाय. दोनदा माझो झील बांयच्या काठार गावलो, तुका ठावक आसा?”

विहीर माझ्या घराच्या मागेच होती. मला ठाऊक नव्हतं.

“रोज सांजेक त्याल लावन हात ताणलंय तेचो,” ती म्हणाली. “शाळा पाच वाजापर्यंत संबाळता. तुझ्या भयणीचो झील दनपारा खंय आसता?”

“घरी. ताई असते.”

“ती कामाक जाता?”

“नाय.”

“मगे तां लिव ना रे पत्रकात.”

मी घरी येऊन ताईचं पत्र पुन्हा वाचलं. पहिल्यांदा एक ओळ मी नुसती ओलांडली होती. ‘बारा वाजता सुटतो, पण मी अर्धा तास आधीच फाटकाशी जाऊन उभी राहते. तेवढीच माणसं दिसतात.’ मी वर्षं मोजली, तास मोजले नाहीत. आणि फाटकाशी उभी असलेली बाई तर मला दिसलीच नव्हती.

जूनपासून मी बालवाडी संध्याकाळी सहापर्यंत उघडी ठेवली. सात पोरं गेली होती, अकरा उरली. दुपारी ती झोपायची आणि मी धर्मशाळेच्या खांबाला टेकून त्यांचे श्वास ऐकत बसायचो. पत्रकं वाटायला आता कुणीच नव्हतं.

शाळा पाचला सुटे, वहिनीची एसटी सहाला येई. पहिल्या आठवड्यातच तो मुलगा पाटी काखेत मारून धर्मशाळेच्या दारात येऊन उभा राहिला. मी त्याला आत घेतलं.

“काय शिकवलं रे शाळेत?”

“गप बसूक.”

मी चिखलाची परात त्याच्यापुढे सरकवली. एसटी येईपर्यंत एक तास होता.