वन्संचं स्वतःचं मत

आमच्या वन्संनी, म्हणजे ह्यांच्या मोठ्या बहिणीने, एकोणीस वर्षं सातवीला इतिहास शिकवला. पुस्तकातलं उत्तर जसंच्या तसं लिहिलं की पैकीच्या पैकी, शब्द इकडचा तिकडे झाला की अर्धा गुण कमी, असा त्यांचा शिरस्ता. 'पुस्तक लिहिणारे वेडे होते का?' असं त्या विचारायच्या. मुलं गप्प बसायची, कारण त्याचं उत्तर पुस्तकात नव्हतं.

लग्न केलं नाही; सवड झाली नाही, असं सांगतात. मात्र चव्वेचाळिसाव्या वर्षी नोकरी सांभाळून, घरबसल्या, परदेशातल्या एका विद्यापीठात एम.ए.ला नाव घालायला सवड झाली. विषय शिक्षणशास्त्र. आम्हाला कळलं तेव्हा जेवणाचं अर्धं टेबल त्यांच्या ताब्यात गेलेलं होतं.

पहिला निबंध होता 'चांगला शिक्षक कोणाला म्हणावं'. वन्संनी तीन जाडजूड पुस्तकं घोटून पाठ केली आणि तीन हजार शब्द एका बैठकीत लिहून पाठवले. आठवड्याने उत्तर आलं. त्यात बहात्तर टक्के हा आकडा बघून त्या म्हणाल्या, "पहिल्या खेपेला वाईट नाही." पुढचं मी वाचून दाखवलं. बहात्तर टक्के मजकूर दुसऱ्यांचा होता. ही नक्कल धरली जाते, तीन आठवड्यांत स्वतःचा अनुभव आणि मत लिहून पाठवा, पुन्हा असं झालं तर नाव कमी होईल.

परीक्षेत मुलांच्या बाह्यांतून चिठ्ठ्या काढण्यात वन्संचा हात धरणारं कोणी नाही. दोन दिवस त्यांनी टेबलावरच्या पुस्तकांना हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी हे म्हणाले, सोड ना ताई, काय अडलंय एवढं.

"सोडलं तर उद्या वर्गात कॉपी कोणत्या तोंडाने पकडू?"

मग रोज शाळेतून आल्यावर त्या 'माझ्या मते' असं लिहायच्या आणि तासभर तेवढ्यावरच बसायच्या. मला नवल वाटे. माझी आमटी, ह्यांचे शर्ट, समोरच्यांचे पडदे, सगळ्यांवर वन्संचं मत तयार असतं. एकदा भाजी निवडताना मी तसं म्हटलंही.

"ते वेगळं गं," त्या म्हणाल्या. "ते मला दिसतं."

"मग वर्गात काय दिसतं ते लिहा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात पुस्तक मिटलं आणि विचारलं, हा राजा हरला, तुम्हाला काय वाटतं, का हरला असेल? बावन्न माना खाली गेल्या. बऱ्याच वेळाने पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "बाई, हे परीक्षेला आहे का?"

वन्सं घरी आल्या त्या चहाला न थांबता लिहायलाच बसल्या. त्या बावन्न मानांवर त्यांनी दोन हजार शब्द लिहिले. शेवटी लिहिलं, की एकोणीस वर्षांत मी यांना गप्प बसायला शिकवलं आणि तेवढं मात्र सगळ्यांना पक्कं येतं.

निकाल आला. नक्कल नाही. संदर्भ अपुरे, भाषा ओबडधोबड, उत्तीर्ण. शंभरपैकी चोपन्न.

त्यांनी तो कागद छापून शाळेत नेला. मुख्याध्यापकांनी चष्मा वर करून आकडा पुन्हा बघितला. बाई, तुम्हाला एवढे कमी?

"हो," वन्सं म्हणाल्या. "स्वतः लिहिलं ना."